पिठावरची लंका

१

टोपला उचलण्याचा मान सुशिलाबाईंचा होता. असल्या गोष्टीला मान म्हणायचं असेल तर.

धाकट्या भावाने, ग्यानीरामने, ज्या कोपऱ्यात शेवटचा श्वास घेतला, तिथेच आदल्या संध्याकाळी जमीन सारवून तांदळाचं पीठ पसरलं होतं. हात फिरवून ते सपाट केलं होतं आणि वर बांबूचा टोपला पालथा घातला होता. रात्रभर त्या खोलीत कुणी जायचं नाही. सकाळी पिठावर ज्याचं पाऊल दिसेल, त्या जन्माला गेलेला माणूस गेला असं इकडे मानतात. पाखराची नखं दिसली तर पाखरू, खूर दिसला तर गाय. सुशिलाबाई पोलीस खात्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेल्या. चिचगडच्या जंगलात त्यांनी पाऊलखुणा पुष्कळ पाहिल्या होत्या, पण त्या जिवंत चोरांच्या. मेलेल्यांनी खुणा ठेवल्याचं त्यांच्या नोकरीत कधी झालं नव्हतं.

कोपरा अडचणीचा होता. दोन बाजूंना भिंती, तिसऱ्या बाजूला धानाची कोठी. एकाच बाजूने तिथे बसता येत होतं. सुशिलाबाई गुडघे मोडून बसल्या, देवाचं नाव घेतलं आणि टोपला उचलला.

पिठावर पाऊल नव्हतं. एक रेघ होती. बोटाने, एका दमात ओढलेली, कुठे न थबकता फिरून स्वतःला येऊन मिळालेली. कैरीसारखा आकार. कैरीची फुगीर बाजू भिंतीकडे आणि निमुळतं देठ थेट सुशिलाबाईंच्या गुडघ्यांकडे. देठापासून थोडं आत बोट टेकवून एक खळगा केलेला.

दारात उभ्या भोजराजच्या, ग्यानीरामच्या सोबत्याच्या, तोंडून आपोआप निघून गेलं, "हे तं लंका होय."

ओमेश्वर, ग्यानीरामचा थोरला, एकदम वळला. त्याने पिठाकडे पाहिलंसुद्धा नाही. बहिणीच्या दंडाला धरून तिला त्याने अंगणाच्या पार टोकाला नेलं आणि दात आवळून बोलला, "मले टोमना मारून राहिली का तू? मेलेल्या बापाच्या नावानं? तेरवी होऊ दे, मंग ह्या घराचा दार तुझ्यासाठी बंद."

योगेश्वरीने हात सोडवून घेतला. "मी काढली नाही," ती म्हणाली. "आन् तुझ्यासमोर शपथ बी घेनार नाही."

सुशिलाबाई मागून आल्याच होत्या. भाऊ गेल्याला अजून पुरते दिवस झाले नव्हते आणि त्याची दोन लेकरं एकमेकांना कायमची सोडायला निघाली होती.

"ओम्या, तेरवीपर्यंत तोंड बंद ठेव," त्या म्हणाल्या. "हे ज्यानं केलं, त्याले मी तुझ्यापुढं उभा करीन. तवा बोल."

२

ग्यानीराम पटले पाटबंधारे खात्यात पाटकरी होता. तलावाचं पाणी पाटात सोडायचं, पाटातलं धानाच्या बांध्यांत फिरवायचं, कोणाची पाळी आधी आणि कोणाची मागून यावरून शिव्या खायच्या, असा त्याचा जन्म गेला. गोरेगावच्या आसपासचे चार-दोन तलाव सोडले तर त्याने कुठला मुलूख पाहिला नव्हता. निवृत्त झाल्यावर मात्र त्याला श्रीलंकेचं वेड लागलं.

वेड म्हणजे कसं, तर एवढासा देश आणि त्यात सगळं आहे, याचं त्याला लहान पोरासारखं नवल वाटायचं. खाली समुद्र, मध्ये थंडीचे डोंगर, वर कोरडं रान, मध्ये मध्ये हत्ती. आपल्याकडे समुद्र बघायचा तर एकीकडे जा आणि डोंगर बघायचे तर दुसरीकडे. तिथे म्हणे सकाळी किनाऱ्यावर चहा प्यावा आणि संध्याकाळी डोंगरात घोंगडी घ्यावी. मोठी यात्रा नको, छोट्या छोट्या सहली करायच्या, असा त्याचा बेत. येईल त्याला तो हा बेत सांगायचा, आणि ऐकणारा हो हो करून आपल्या कामाला लागायचा.

त्या रात्री घरात माणसं मोजकी होती. सून रीता लेकरांना घेऊन शेजारी निजली होती. ओमेश्वर समोरच्या खोलीत, योगेश्वरी स्वयंपाकघरात, भोजराज बाहेर छपरीत. शांतीबाई, म्हणजे ग्यानीरामची बायको, आणि सुशिलाबाई मधल्या खोलीत. कोपऱ्याच्या खोलीला फक्त कडी होती, कुलूप नव्हतं. आवाज कुणीच ऐकला नव्हता. सुशिलाबाईंनीही नाही, आणि त्याची त्यांना लाज वाटत होती. रडून रडून त्या मेल्यासारख्या झोपल्या होत्या.

भोजराजला त्यांनी छपरीत गाठलं. तो एसटीत ड्रायव्हर होता. ग्यानीरामचा शाळेपासूनचा सोबती.

"लंका वळखलीस बरी लवकर."

"वळखीन नाही तं का करीन?" भोजराज म्हणाला. "ह्याच खाटेवर बाजूले बसवून दाखवे मले. कागद लागे नाही त्याले. धुळीत काढे, कोंड्यात काढे, दिसल त्याच्यात काढे. मले म्हने, भोजराज, तू सारा जलम गाडी चालवलास, पन तुझी गाडी समुद्राले कधी लागली नाही. तुले समुद्र दाखवतो. अगदी खालचा किनारा. गाडी तिथली भाड्यानं घेऊ, तू चालव."

"मंग गेले काऊन नाही?"

भोजराज खाटेची सुंभाची दोरी ओढत राहिला. "पोरीचा लगन काढला होता मी. म्हनलो, येत्या सालाले. मंग गुडघा धरला. म्हनलो, येत्या सालाले." त्याने दोरी सोडून दिली. "बाई, मी काढली असती तं समुद्रावर निशानी केली असती. त्या पिठात निशानी देठाजवळ होती. तिथी मले न्याचा बेत नोहोता."

हे सुशिलाबाईंच्या डोक्यात नव्हतं. खूण कुठे आहे, याचा विचार त्यांनी केलाच नव्हता.

३

योगेश्वरी गोंदियात शाळेत शिकवते. भावाने टाकून बोलल्यापासून ती भांडी घासत होती. घासलेलीच पुन्हा घासत होती.

"आत्याबाई, तुमाले बी माझाच संशय हाय का?"

"पोलिसाले सगळ्यांचाच राहते. तुले बाबूजीनं कोणती सहल सांगितली होती?"

योगेश्वरीने हात पुसून मोबाईल काढला. नकाशा उघडला आणि मधल्या भागावर, जरा खाली, बोट ठेवलं. "हे चहाचे डोंगर. इथून ट्रेन जाते, एकदम धीमी. बाबूजी फोनवर सांगत, मी इकडे नकाशा उघडून बसे. म्हणत, पोरी, तू लहानपणी आगगाडीसाठी रडे, तुले त्या गाडीत खिडकीशी बसवतो. मी तिकीट बघितलं होतं. फेब्रुवारीचं."

"मंग?"

"ओमेश्वर म्हणाला, उन्हाळी धान लावून राहिलो, रोवणीच्या टायमाले बाबूजी पाह्यजे. बाबूजी म्हणाले, राहू दे, भावाशी भांडू नको." तिने डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. "मी भांडले नाही. तेच चुकलं माझं. पण पिठात लंका मी नाही काढली, आत्याबाई. मला तर त्या खोलीच्या दाराकडे पाहवत नव्हतं."

सुशिलाबाई मोबाईलकडे पाहत होत्या. काहीतरी खटकत होतं. कैरी तीच होती, देठ तेच होतं, तरी हे चित्र सकाळच्या चित्रासारखं दिसत नव्हतं. त्यांनी मोबाईल हातात घेतला, हळूच उलटा फिरवला आणि सकाळचं चित्र समोर आलं.

योगेश्वरीच्या मोबाईलमध्ये देठ वर होतं. पिठात ते खाली होतं, बसणाऱ्याच्या अंगाकडे. आणि त्या कोपऱ्यात बसायची बाजू एकच होती.

ज्याने कुणी काढली, त्याने लंका उलटी काढली होती.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी सुशिलाबाईंनी तिघांना घरामागच्या वाटेवर बोलावलं. तिथे बैलगाड्यांनी धूळ पिठासारखी मऊ केली होती. पलीकडे लाखोरीचं पीक निळं फुललं होतं आणि ते पाहून त्यांना उगाच वाईट वाटलं. ग्यानूला लाखोरीची भाजी फार आवडायची.

"एकेकानं लंका काढा," त्या म्हणाल्या.

"हे का पोरखेळ होय?" ओमेश्वर कुरकुरला.

"होय. काढ म्हनली तं काढाची."

भोजराज आधी बसला. त्याचं बोट दोनदा अडलं, एकदा त्याने पुसून पुन्हा काढली. देठ वर, फुगीर भाग खाली, आणि अगदी तळाशी अंगठा रोवला. योगेश्वरीने सुबक काढली. देठ वरच. तिने मधल्या डोंगरात बोट टेकवलं आणि ती पटकन उठून बाजूला झाली. दोघांच्याही रेघेत पिठावरच्या रेघेसारखी सफाई नव्हती. ती रेघ ओढणाऱ्याने हे चित्र शेकडो वेळा पाहिलं असावं, आणि पाहताना तो काढणाऱ्याच्या समोर बसलेला असावा.

मग ओमेश्वर बसला. त्याने धुळीत बोट ठेवलं आणि थांबला. एक गोल काढला. तो वांग्यासारखा झाला. त्याने वर पाहिलं.

"लांब राहते ना? का गोल?"



"काल सकाळी पिठात पाहिली नाही का?" सुशिलाबाईंनी विचारलं.

"मी तं हिच्याकडंच पाहून राहिलो होतो." त्याने पुन्हा बोट टेकवलं आणि ते तसंच राहिलं. बाप वर्षानुवर्षं त्याच्याच घरात, त्याच्याच अंगणात हा आकार काढत होता. त्याने एकदाही मान वळवून पाहिलं नव्हतं. लंका काढता येत नाही म्हणून तो निर्दोष सुटला, आणि ते सुटणं त्याला फासावर जाण्यापेक्षा जड गेलं. एवढा थोराड गडी धुळीत बसून हमसून हमसून रडायला लागला.

"माझ्यासाठी कोणती सहल होती, आत्याबाई?" तो विचारत होता. "मले बी सांगत होते. हत्तीचा काही तरी सांगत होते. मी मोटारीचा बटन दाबाले उठून गेलो."

योगेश्वरी दूर उभी होती. तिला भावाकडे जावंसं वाटत होतं आणि कालचे शब्द तिला जाऊ देत नव्हते. सुशिलाबाईंना ते दिसत होतं. तिघंही सुटले होते. आता घरात एकच माणूस उरलं होतं, आणि त्याच्यावर संशय घ्यायला त्यांचं मन तयार नव्हतं.

५

शांतीबाई मधल्या खोलीत बसून तेरवीचे तांदूळ निवडत होती. समोर मोठी परात, तिच्यात पांढरेशुभ्र तांदूळ पसरलेले. नवरा गेल्यापासून ती त्या खोलीच्या बाहेर फारशी आली नव्हती. अंगणातलं भांडण तिच्या कानावर कुणी घातलं नव्हतं.

काल सुशिलाबाईंनी तिला सहज विचारलं होतं, तेव्हा ती म्हणाली होती, "मले का समजते नकाशातला, बाई." ते त्यांनी खरं मानलं होतं. पोलीस माणूस घरात आला की असा मऊ पडतो.

आता त्या परातीच्या पलीकडे, भावजयीच्या समोर बसल्या. "शांती, संध्याकाळी तू तांदूळ निवडत बसायचीस, तवा ग्यानू कुठी बसे?"

"तुमी बसल्या तिथीच."

"आन् दिसल त्याच्यात लंका काढे."

शांतीबाईचा हात थांबला. सुशिलाबाईंनी परात तिच्याकडे जराशी सरकवली. "काढ, माय. मी कोनाले रागावनार नाही."

मग शांतीबाईने बोट तांदळात घातलं आणि एका दमात रेघ ओढली. कुठे न अडखळता, फिरून जागेवर. फुगीर बाजू सुशिलाबाईंकडे, देठ तिच्या स्वतःच्या अंगाकडे. समोर बसणाऱ्याच्या हाताने काढलेली लंका तिला जशी दिसायची, तशीच. देठाच्या आत तिने बोट टेकवलं आणि ते तिथून काढलं नाही.

"काऊन केलीस?"

"टोपला आधी पाहाचा नसते," शांतीबाई हळूच म्हणाली. "मी पाहिली. कोंबडा बोलायच्या आधी गेली. पाखरू झाला का गाय झाला, मले राहवला नाही. बाई, पीठ कोराच होता. पाखराचा पाय नाही, गाईचा खूर नाही, मुंगी बी फिरली नोहोती. सारा जलम तो मानूस एका जागी राहिला. लोकाच्या बांधीत पानी सोडत राहिला. आन् मेल्यावर बी कुठीच गेला नाही? सकाळी सगळे येतीन, पाहतीन, म्हनतीन, ग्यानीराम कुठीच गेला नाही. मले सहन नाही झाला."

"म्हनून तूच त्याले तिथी पाठवलीस."

"हो. मंग भेव वाटला. आधी पाहिला तं जिवाले वाट सापडत नाही म्हनते. मी त्याची वाट मोडली असन, असा वाटला. म्हनून गप राहिली."

सुशिलाबाईंनी तिचा दुसरा हात हातात घेतला. हा गुन्हा कुठल्या कलमात बसवायचा, ते त्यांना ठाऊक नव्हतं. आपला भाऊ असा कोरा गेला, हे त्यांनाही सहन होत नव्हतं. त्या सकाळी त्यांनीच आधी टोपला उचलला असता, तर त्यांनीही काहीतरी काढलं असतं.

"आन् हे बोट कशावर ठेवलीस?"

"आमची सहल होय ते," शांतीबाई म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर लाज आली. या वयात, या दिवसांत. "मी म्हनत असे, मले समुद्राचा भेव वाटते, डोंगरात दम लागते. तं म्हने, तलाव पाहाले चल. तिथी मोठा तलाव हाय, आपल्या नवेगाव बांधापेक्षा मोठा, जुन्या राजानं बांधलेला. खाली धानाच्या बांध्याच बांध्या. म्हने, पाटकऱ्याच्या बायकोनं तो पाह्यलाच पाह्यजे. मी म्हने, एवढे दिवस म्हशीले कोन पाहील? तं तो दिवस कमी करे. मी पुन्हा नाही म्हनली का पुन्हा कमी करे. शेवटी दोन दिवसावर आला."

"मंग?"

"मंग मी हो म्हनली, बाई. पयल्यांदाच हो म्हनली. तो किती हासला. तांदळात हात घालून हासला." ती थांबली. "त्याच रात्री तो गेला."

६

भांडणाचं सुशिलाबाईंनी तिला सांगितलं तेव्हा ती उठली, पदर सारखा केला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा अंगणात आली. ओमेश्वर पायरीवर बसला होता. योगेश्वरीने पिशवी भरून दाराशी ठेवली होती. भोजराज छपरीतून उठून उभा राहिला.

"पिठातली लंका मी काढली," शांतीबाई म्हणाली. "पीठ कोरा होता म्हनून काढली. तिले कायले बोल लावलास?"

ओमेश्वरने आईकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं. सुशिलाबाईंनी मान हलवली. मग तो उठला आणि बहिणीसमोर जाऊन उभा राहिला. त्याला गोड बोलता येत नव्हतं, कधीच आलं नव्हतं.

"चुकलो मी," तो म्हणाला. "मार मले पाह्यजे तं. पन जाऊ नको."

योगेश्वरीने त्याच्या छातीवर एक बुक्की मारली आणि तिथेच डोकं टेकलं. तो उभ्या उभ्या तिच्या केसांवरून हात फिरवत राहिला, बाप फिरवायचा तसा. सुशिलाबाईंची केस मिटली होती. नोकरीत असत्या तर घरी जाऊन त्या चहा पिऊन झोपल्या असत्या.

शांतीबाई पायरीवर बसली. लेकीला तिने जवळ बोलावलं आणि तिच्या मोबाईलकडे बोट दाखवलं. मनात बरेच दिवस साठलेलं विचारावं तसं तिने विचारलं.

"तुले तिकिटातला समजते. तुझे बाबूजी मले दाखवनार होते तो लंकेतला तलाव दोन दिवसात होते ना वो?"

तिकिटं योगेश्वरीने पाहिली होती. गोंदियाहून नागपूर, नागपूरहून चेन्नई, तिथून समुद्रापलीकडे, आणि उतरल्यावर पुन्हा अर्ध्या देशाचा रस्ता. नुसतं पोचायलाच दोन दिवस जातात. तलाव पाहणं वेगळं, परत येणं वेगळं. दोन दिवसांत ती सहल कुणालाच करता आली नसती. सारी हयात पाण्याच्या पाळ्या लावणाऱ्या ग्यानीरामला ते कळत नव्हतं, असं कोण म्हणेल? बायकोने हो म्हणावं म्हणून तो दिवस कापत गेला होता, आणि कापता कापता सहलच उरली नव्हती.

योगेश्वरीने आत्याकडे पाहिलं. सुशिलाबाईंनी नजर खाली केली.

"होते, माय," ती म्हणाली. "आरामात होते."

खोटं बोलणाऱ्याचा आवाज ओळखण्यात सुशिलाबाईंचा जन्म गेला होता. तो त्यांनी ओळखला आणि तसाच जाऊ दिला. लेकीने आईला दिलासा दिला, चांगलं केलं, असं त्यांना वाटलं.

शांतीबाईने मान हलवली. कितीतरी वेळ ती हलवतच राहिली.

"एवढीच होती तं," ती म्हणाली, "मी आधीच हो म्हनली असती तं पाहून आलो असतो आमी."

योगेश्वरीला खरं सांगायची सोय आता उरली नव्हती. ओमेश्वर आईच्या पायांशी खाली बसला. शांतीबाई आपली म्हशीकडे पाहत होती. दोन दिवस तिचं दूध शेजारणीने सहज काढलं असतं.